पत्र्याच्या खालची बाजू

रविवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी दोस एस्तेरोस मळ्याचं गोदाम पेटलं. साडेचारच्या सुमारास ते विझलं. त्या दिवशी केळीचे घड उतरवायचे नव्हते, त्यामुळे मळ्यावर एकच माणूस हजर होता: राखणदार सेगुंदो आपोलो, वय अठ्ठावन्न. तो गोदामापासून ऐंशी पावलांवर पाटाच्या कडेला बसलेला सापडला. तोंडातून लाळ गळत होती, शर्टावर ओकारी होती आणि उठवलं तर पाऊल टाकता येत नव्हतं. अंगाला उसाच्या दारूचा वास येत होता.

पोलिसाने टिपणात लिहिलं की राखणदार दारूच्या नशेत होता. मळ्याचे व्यवस्थापक विनिसियो लोआइसा यांनी त्यात भर घातली की सेगुंदोला दुपारी सुकी पानं जाळायची सवय आहे आणि त्याला एकदोनदा बजावूनही झालं आहे. संध्याकाळपर्यंत सेगुंदो हॉस्पिटलच्या खाटेवर होता आणि खाटेशेजारी पोलीस बसला होता. शुक्रवारी सकाळी नऊला सुनावणी ठरली. दारू आणि पानं या दोन गोष्टी तिथे टिकल्या असत्या तर तो त्या खाटेवरून सरळ तुरुंगात गेला असता. सेगुंदोला स्वतःला तुरुंगापेक्षा वेगळीच गोष्ट लागली होती. एकोणीस वर्षांच्या राखणीत मळ्यातून केळ्यांची एक फणी गेली नाही, हे तो हॉस्पिटलमध्ये येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. आपण दारुडे नाही, हे त्यानंतर सांगत होता.

सोमवारी सकाळी आठ वाजता अग्निशमन दलाचा सार्जंट रोमुलो फेइहो नमुन्यांचं खोकं घेऊन माचालातल्या प्रयोगशाळेत आला. जळिताच्या नमुन्यांचं काम तिथे ओलिंदा आसान्सा बघायची. सतरा वर्षं ती हेच करत होती. ती रसायनशास्त्राची, पण त्या भागात शिकलेल्या माणसाला सरसकट इंजिनिअर म्हणतात, आणि ओळख वाढली की नुसतं ‘इंजे’.

खोक्यात काचेच्या चार बरण्या होत्या आणि निळ्या प्लास्टिकच्या पाच पुड्या.

“हे काय आहे, सार्जंट?”

“नमुने.”

“ते कळलं. हे निळं काय?”

“बरण्या चारच होत्या, इंजे. बाकीचं काय टोपीत आणू?”

“ही घडाची पिशवी आहे.”

“कोरी आहे हो. माझ्या डोळ्यांदेखत गुंडाळीतून फाडलीय. हात लावून बघा, कशी खळखळते.”

ओलिंदाने हात लावला नाही. केळफूल वाकलं की घडावर ही पिशवी चढवतात. प्लास्टिकमध्येच कीटकनाशक मुरवलेलं असतं, म्हणून तिच्या आत कीड येत नाही. वापरून झालेल्या पिशव्या त्या प्रांतात घरोघर जातात. पाव तिच्यात, ओले कपडे तिच्यात, खिडकीला काच नसली तर तीच ताणून लावायची. धुतली की झालं, असं सगळे धरून चालतात. त्यातही कोरी पिशवी म्हणजे औषधाने पुरेपूर भरलेली.

“कोणी फाडली?”

“लोआइसासाहेबांनी. माणूस स्वतः धावत आला, म्हणाला घ्या, बरण्या संपल्या तर. त्यात वाईट काय वाटून घ्यायचं?”

ओलिंदाने नोंदवहीत लिहिलं: नमुना पाच ते नऊ, घडाची कोरी पिशवी, देणारा वि. लोआइसा, सांगणारा सार्जंट फेइहो. फेइहोला दलात बावीस वर्षं झाली होती आणि त्याचा मेहुणा त्याच कंपनीचा ट्रक चालवत होता. ते तिला माहीत होतं, पण तिने लिहिलं नाही. त्या प्रांतात कोणाचा ना कोणाचा मेहुणा कुठल्यातरी मळ्याचा ट्रक चालवतोच.

कंपनीने गोदामातल्या मालाची यादी दिली होती. डीएपी खताची साठ पोती, पुठ्ठ्याचे खोके, दोर आणि झाडांना टेकू द्यायचे बांबू. औषध अजिबात नाही. औषधांची खोली वेगळी आहे, सिमेंटची आहे आणि कुलूपबंद आहे.

लाळ, ओकारी आणि लुळे पाय कीटकनाशकाच्या धुरानेही होतात, पण अडचण या यादीतच होती. फॉस्फरस असलेलं काहीही जळलं की पांढरा धूर होतो, तो हवेतलं पाणी शोषतो आणि फॉस्फरिक आम्ल होऊन जिथे मिळेल तिथे बसतो. कीटकनाशक जळलं तरी हेच होतं. डीएपी भट्टीसारखं तापलं तर अमोनिया उडून जातो आणि मागे पुन्हा फॉस्फरसचं आम्लच राहतं. म्हणजे काजळीत फॉस्फरस सापडला, तर कंपनी खताच्या पोत्यांकडे बोट दाखवणार. ओलिंदाला जे कधीच खतातून येऊ शकत नाही असं काहीतरी सापडायला हवं होतं.

त्याच दुपारी सेगुंदोची मुलगी यादिरा आली. वय तिशीचं, मळ्याच्या पॅकहाऊसमध्ये फण्या धुवायचं काम, हाताची कातडी पाण्याने पांढरी झालेली. ती खुर्चीवर बसली नाही.

“तुम्हीही कंपनीच्याच का?”

“मी सरकारी पगार घेते.”

“ते काही उत्तर झालं नाही.”

“नाही झालं,” ओलिंदा म्हणाली. “तुझे वडील काय बोलले, तेवढं सांग.”

“ते म्हणाले अंधार झाला. भर दुपारी. सूर्य डोक्यावर होता आणि ते मला विचारतायत, दिवा का नाही लावला. नर्सने डोळे बघितले, म्हणाली बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात.”

“आणि दारूचा वास?”

“शेजारणींनी चोळली. मानेला, कानशिलांना, छातीला. माणूस बेशुद्ध पडला तर तुमच्याकडे काय चोळतात, अत्तर?”

ओलिंदाच्या घरीही दारूच चोळत असत. त्या किनाऱ्यावर चक्कर आलेल्या माणसाच्या अंगाला उसाची दारू लावत नाहीत असं घर नसेल. पोलिसाच्या घरीही लावत असणार, पण टिपण लिहिताना ते त्याला आठवलं नव्हतं. हॉस्पिटलने रक्त सोमवारी सकाळी घेतलं. तोवर दारू असती तरी उतरली असती. रक्तातलं मज्जातंतूंचं एक विकर फार खाली गेलेलं होतं, जसं बाहुल्या आकसवणाऱ्या कीटकनाशकांनी जातं. त्यावरही कंपनीच्या वकिलाचं उत्तर तयार होतं. एकोणीस वर्षं केळीत काम केलेल्या कोणाचंही रक्त तपासा, म्हणाला, खालीच असेल. हे खोटं नव्हतं.

“त्यांचा शर्ट कुठे आहे?” ओलिंदाने विचारलं.

यादिराचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. “आणलाय. धुतला नाही, झटकला नाही, तसाच ठेवलाय. मला माहीत होतं तुम्हाला लागेल.”

तिने पाठीमागे धरलेली पुडी पुढे केली. निळी.

 ओलिंदाने तो शर्ट का चालणार नाही ते सांगितलं. यादिराने पूर्ण ऐकून घेतलं.

“मग कशात घालायचा होता?” ती म्हणाली. “घरात दुसरं काय असतं?”

मंगळवारी दुपारी तीनपर्यंत यंत्रातून आकडे आले. बरण्यांतली राख गोदामाच्या मधोमध घेतलेली होती. तिथे आग इतकी तापली होती की फॉस्फरिक आम्ल आणि त्याने खाल्लेलं छताच्या पत्र्याचं जस्त याशिवाय काही उरलं नव्हतं. ओलिंदाला हवे ते तुकडे पुड्यांत सापडले. फॉस्फरस आणि त्याला चिकटलेल्या दोन इथाइल साखळ्या. असा तुकडा खत कितीही जाळलं तरी मिळत नाही. तो फक्त औषधातून येतो. पण त्याच पुड्यांत क्लोरपायरिफॉसही ढिगाने होतं, म्हणजे पिशवीत मुरवलेलं औषध. आणि त्याच्याही पोटात तोच इथाइलचा तुकडा असतो.

तिने बाजारातून एक कोरी पिशवी आणवली आणि तपासली. त्यातही तो तुकडा निघाला. गोदामातल्या पुड्यांत तिप्पट होता. तिप्पट हा आकडा तिला स्वतःला पटत होता, पण सावलीतली पिशवी आणि उन्हात पडलेली पिशवी यांत इतका फरक सहज पडतो. कोर्टात हा आकडा अर्धा मिनिटही टिकला नसता.

चार वाजता तिने फेइहोला फोन केला. “त्या गुंडाळीवर कंपनीचं लेबल होतं का?”

“बघून सांगतो,” तो म्हणाला. “का, काय झालं?”

“काही नाही. बघून सांगा.”

बुधवारी सकाळी साडेआठला विनिसियो लोआइसा प्रयोगशाळेत आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, बुटांना मळ्याची माती. हातात हिरव्या केळ्याचा तळलेला गोळा, कागदात बांधलेला. तो त्याने टेबलाच्या कडेला ठेवला.

“तुम्ही नाश्ता विसरता असं ऐकलंय.”

“कोणाकडून?”

“गाव लहान आहे, इंजे.”

माचाला काही लहान गाव नाही. ओलिंदाने कागद उघडला नाही.

“पिशव्यांमुळे तुमचा गोंधळ झाला म्हणे,” लोआइसा म्हणाला. “मला वाईट वाटलं. मी आपला मदत करायला गेलो. आता जे काही औषध सापडेल ते त्या पिशवीचंच, नाही का? तुम्ही ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहिलंत तर कोणी तुम्हाला नाव ठेवणार नाही.”

तिने अहवाल कोणाला पाठवला नव्हता. सरकारी वकिलालाही नाही. आकडे आल्यावर गोदामातल्या पिशव्यांबद्दल ती एकाच माणसाशी बोलली होती, तेही फोनवर, दोन वाक्यं.

“आणि सेगुंदो?”

“म्हातारा माणूस आहे, माझा काही राग नाही त्याच्यावर. कबूल केलं तर मी मालकांना सांगेन, शिक्षा हलकी होईल असं बघा. तो स्वतःच ऐकत नाही.”

“गोदामात औषध नव्हतं?”

“टर्बुफॉस आम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केलं. परदेशी खरेदीदारांना लिहून दिलंय, सहीशिक्क्यानिशी. हवं तर कागद पाठवतो.”

“पाठवा,” ओलिंदा म्हणाली.

तो गेल्यावर तिने वेळ लिहिली, आठ एकावन्न, आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. तिने औषध एवढंच विचारलं होतं. त्या प्रांतात शंभर औषधं आहेत. टर्बुफॉसचं नाव तिने घेतलं नव्हतं.

टर्बुफॉस दाणेदार असतं. केळीच्या बुंध्याशी टाकतात, मुळांतले सूत्रकृमी मरावेत म्हणून. त्याचा फॉस्फरसचा भाग क्लोरपायरिफॉससारखाच असतो, फरक असतो तो शेपटात. पिशवीतल्या औषधाच्या शेपटाला क्लोरीन असतं, टर्बुफॉसच्या शेपटाला गंधक. गोदामाच्या गरम भागात शेपूट जळून गेलं होतं आणि दोघांत सारखा असलेला तुकडाच मागे राहिला होता. धूर जिथे लवकर थंड झाला असेल, तिथे शेपटासकट थर बसलेला असणार. अशी जागा छताच्या टोकाला असते, वळचणीपाशी, पत्र्याच्या खालच्या बाजूला. तो पत्रा मिळायला हवा होता आणि त्याला निळी पिशवी लागलेली नको होती.

ती फेइहोच्या गाडीतून मळ्यावर गेली. रस्त्यात तिने सरळ विचारलं.

“लोआइसाला कोणी सांगितलं?”

“काय?”

“पिशव्यांचं.”

फेइहो समोर बघत गाडी चालवत राहिला. “मी त्यांना फोन केला, लेबल विचारायला. तुम्हीच सांगितलंत ना लेबल बघा. मग ते म्हणाले का विचारताय. मी म्हटलं, त्यात औषध असतं का म्हणून.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, औषध असतं ते?”

“इंजे, माझी आई त्या पिशवीत कणीक मळून ठेवायची. मला काय स्वप्न पडणार?”

तो खरं बोलत असेल असं तिला वाटलं. मग असंही वाटलं की तयारी केलेला माणूसही असंच बोलला असता.

गोदामाची जमीन पांढरीफटक होती. सगळीकडे चुना टाकून पाण्याने धुतली होती. जळके पत्रे एका बाजूला रचून ठेवले होते आणि तेही धुतलेले होते. रबरी नळी अजून तिथेच पडली होती. ही औषधं चुन्यात टिकत नाहीत, तुटतात.

“चुना कोणी टाकायला सांगितला?” तिने नळी गुंडाळणाऱ्या मजुराला विचारलं.

“उद्या माल जायचाय, बाई. स्वच्छता लागते.”

“चुना तर सगळेच टाकतात,” फेइहो म्हणाला. हेही खरं होतं.

ओलिंदाने पत्रे मोजले, तेवीस. भिंतीवर उभे राहिलेले वासे मोजले, त्यातले खिळे मोजले आणि कागदावर आडव्या-उभ्या ओळी काढल्या. छताला चोवीस पत्रे लागत होते. नसलेला पत्रा पूर्वेकडच्या वळचणीचा होता, सगळ्यात टोकाचा.

“वाऱ्याने गेला असेल,” फेइहो म्हणाला.

“पत्रा उडून कुठे जातो, सार्जंट?”

“या वस्तीत? कोणाच्या तरी कोंबड्यांवर.”

वस्तीत अठरा घरं. कोणी काही बघितलं नव्हतं. जळक्या जागेवरून कोणी काही उचललं नव्हतं. एका म्हातारीने तर आग लागल्याचंच आपल्याला सोमवारी कळलं असं सांगितलं, आणि तिचं घर गोदामासमोर होतं. शेवटचं घर यादिराचं. ती दारात उभी राहिली.

“पत्रा? नाही. कोणीच नाही नेला.”

ओलिंदाने अजून पूर्ण विचारलंही नव्हतं. त्या किनाऱ्यावर दारात आलेल्या माणसाला निदान कॉफी मिळते. बाटलीतला काळा अर्क आणि गरम पाणी, एक मिनिटाचं काम. यादिराने आत या असं म्हटलं नाही. ती दारातून सरकलीही नाही.

“बघितलंत?” गाडीत बसल्यावर फेइहो म्हणाला. “तुम्ही माझ्यावर संशय घेताय. जरा तिकडे पण बघा.”

परतीच्या वाटेवर ओलिंदाने एक शक्यता मनाशी मांडून पाहिली. मुलीला काही लपवायचं आहे. आग बापानेच लावली असेल, पुरावा तिच्या घरात असेल. तसं असेल तर तो अंधार, टाचणीएवढ्या बाहुल्या, शेजारणी, सगळं ऐकीव ठरतं. रात्री तिने अहवालाचा मसुदा केला. त्यात निष्कर्षाची जागा तिने रिकामी सोडली.

गुरुवारी सकाळी सात वाजता प्रयोगशाळेच्या फाटकाशी तीनचाकी मालगाडी उभी होती. मागे पत्रा, आणि पत्र्याला दोन्ही हातांनी धरून बसलेली यादिरा.

“खालची बाजू वर केलीय,” ती म्हणाली. “तिला काही लागू दिलं नाही. आणि पिशवीत नाही आणला.”

“काल का नाही बोललीस?”

“तो फायरवाला होता ना बरोबर. त्याचा मेहुणा कंपनीचा ट्रक चालवतो.” ती खाली उतरली. “आणि लाज वाटली. बापाला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं आणि सगळे निघाले. कोणी दोर ओढत होतं, कोणी बांबू. माझं स्वयंपाकघर गळतं. मीही ओढला. बाप तिकडे लाळ गाळतोय आणि लेक पत्रा नेतेय. लिहा हेही.”

“लिहावं लागेल,” ओलिंदा म्हणाली. “कोणी आणला, कधी उचलला, चार दिवस कुठे होता. सगळं.”

“चोरी म्हणून?”

“मी चोरी हा शब्द लिहिणार नाही. पण वाचणारा लिहील.”

यादिराने मान हलवली. “बरं. पण आधी ते यंत्र लावा.”

पत्रा पाच फूट लांब होता. जिथे तो वाशाला टेकला होता तिथे दोन बोटांचा पट्टा स्वच्छ चकाकत होता. बाकी ठिकाणी आम्लाने जस्त खाऊन पांढरी खपली चढली होती. वळचणीच्या टोकाला तपकिरी, चिकट थर होता. त्याला सडक्या लसणासारखा वास होता. ओलिंदाने खिडक्या उघडल्या, हातमोजे बदलले आणि नऊ जागांहून थर खरवडला. प्रत्येक जागेचं अंतर टोकापासून मोजून लिहिलं. स्वच्छ पट्ट्यावरूनही एक नमुना घेतला. तुलनेसाठी यादिराच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या पत्र्याचा नमुना आणायला दलाच्या दुसऱ्या माणसाला पाठवलं. फेइहोला नाही.

दुपारी दोनला पहिले आकडे आले. थरात गंधकाचं शेपूट होतं. थोडं टर्बुफॉस जसंच्या तसं, आणि त्याच्या कितीतरी पट त्याचे आगीत ऑक्सिजन घेतलेले प्रकार. टोकाला सगळ्यात जास्त, आत येता येता कमी. स्वच्छ पट्ट्यावर जवळजवळ शून्य. स्वयंपाकघरातल्या पत्र्यावर तेलकट काजळीशिवाय काही नव्हतं. पिशवीतलं क्लोरपायरिफॉस गोदामाच्या पत्र्यावरही नावापुरतं होतं, जसं त्या भागात कुठल्याही वस्तूवर असतं. तिने तेही लिहिलं.

चार चाळीसला अहवाल गेला. पाच ते नऊ हे नमुने बाद, कारण आणि पिशवी देणाऱ्याच्या नावासह. दहावा नमुना, पत्रा, आरोपीच्या मुलीने परवानगीशिवाय नेलेला, तिनेच आणून दिलेला. आगीचं कारण सांगता येत नाही. गोदामात टर्बुफॉस जळलं, हे सांगता येतं.

शुक्रवारी कंपनीच्या वकिलाने नेमकी तीच जागा धरली.

“आरोपीची मुलगी. चोरीचा पत्रा. चार दिवस तिच्या घरात. केळीच्या वस्तीत हे औषध मिळवणं अवघड आहे का, इंजे?”

“नाही.”

“मग तिने ते पत्र्याला फासलं नसेल कशावरून?”

“फासलेलं औषध जळलेलं नसतं,” ओलिंदा म्हणाली. “यात न जळलेलं थोडं आहे आणि जळलेलं खूप. आणि फासणाऱ्याला वाशाखालचा पट्टा कोरा ठेवावा लागला असता, खिळ्यांच्या भोकांभोवती गोल सावल्या काढाव्या लागल्या असत्या, आणि टोकापासून आत हात हळूहळू हलका करावा लागला असता. धूर तसा बसतो. पत्र्याची भोकं वाशातल्या खिळ्यांशी जुळतात. मोजमापं पान चारवर आहेत.”

वकिलाने पान चार उघडलं आणि बराच वेळ वाचलं.

मग न्यायाधीशांनी फेइहोला विचारलं की पिशव्या कोणी दिल्या.

“मीच मागितल्या,” तो म्हणाला. “लोआइसासाहेबांचा संबंध नाही.”

“नोंदवहीत वेगळं आहे.”

“सोमवारी घाईत काय बोललो, आठवत नाही.”

तो ओलिंदाकडे बघत नव्हता. मागच्या बाकावर लोआइसा बघत होता, पण तिच्याकडे नाही, फेइहोकडे. सोमवारचं वाक्य खोटं होतं की आजचं, हे तिला तिथे बसून ठरवता आलं नाही, नंतरही आलं नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी सेगुंदो आपोलोला घरी जायची परवानगी मिळाली. नशेचा पुरावा नाही, असं आदेशात लिहिलं गेलं. टर्बुफॉस गोदामात कसं आलं याचा तपास कंपनीविरुद्ध सुरू झाला. दुपारी तीनला कंपनीने पोलिसांत तक्रार दिली: एक पत्रा, नग एक, यादिरा आपोलो हिने नेला.

शनिवारी ओलिंदा पावती घेऊन वस्तीत गेली. पत्रा आता पुरावा होता, त्यामुळे तो आणणाऱ्याची सही हवी होती. सेगुंदो अंगणात खुर्चीवर बसला होता. डोळ्यांच्या बाहुल्या जवळजवळ नेहमीएवढ्या झाल्या होत्या. त्याने आदेशाची प्रत चार घड्या करून खिशात ठेवली होती. ती त्याने काढून दाखवली आणि ‘नशेचा पुरावा नाही’ या ओळीवर नख ठेवलं.

“हे तुमच्यामुळे, इंजे.”

“तुमच्या मुलीमुळे,” ओलिंदा म्हणाली आणि पावती यादिराकडे दिली.

सेगुंदोने पावतीसाठी हात पुढे केला. कोर्टात तो बाहेरच्या बाकावर बसून होता आणि आत काय बोललं गेलं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने ती दोनदा वाचली. मग मान वर करून स्वयंपाकघराकडे पाहिलं. शेगडीच्या वर छताला चौकोनी भोक होतं आणि त्यातून ऊन पडलं होतं.

“पत्रा तू नेलास?”

“त्याच पत्र्याने सुटलात तुम्ही, पप्पा.”

“ते कळलं. तू नेलास का, ते विचारतोय.”

“हो. रविवारी.”

“मी राखण करत होतो तिथून.”

“तुम्ही पाटाच्या कडेला पडला होतात.”

 यादिराने सही केली, कॉफीच्या अर्काची बाटली काढली, पाणी गरम करायला ठेवलं आणि ओलिंदासाठी कप पुसला. सेगुंदोने आदेशाचा कागद पुन्हा चार घड्या करून खिशात घातला.

“आणि याआधी काय काय आणलंस तिथून?”

“काही नाही.”

तो खुर्चीचे हात धरून उठला. पाय अजून नीट टाकता येत नव्हते. भिंतीला धरत तो घराच्या मागच्या बाजूला गेला. खुराडं, पाण्याचं पिंप, कपडे वाळत घालायचा दोर, एकेका वस्तूपाशी थांबत, वाकून बघत. यादिरा पाण्याकडे बघत उभी राहिली. तिने मागे वळून पाहिलं नाही.